आखणी राहिलेली माणसं

१

दारातल्या पुतळ्याशी आई बोलली, तिथून सुरुवात झाली.

गावाची थीम असलेल्या रिसॉर्टच्या दारात असतो तसाच पुतळा होता. माणसाएवढी बाई, नऊवारी नेसवलेली, हातात तबक, तबकात झेंडूची खरी फुलं. चेहरा छान गव्हाळ रंगवलेला, कपाळावर आडवं कुंकू, नाकात नथ. फक्त डोळ्यांच्या जागी कोरा पांढरा रंग होता. बुबुळं नाहीत, पापण्यांची रेघ नाही, काही नाही.

आई गाडीतून उतरली, पदर सावरत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “दमलीस व्हय गो उभी राहून?”

माझा भाऊ निकेश गाडी लॉक करत होता. तो हसला. “बघ ताई, म्हटलं होतं ना, इथं आली की बोलेल. आली की नाय मूडमध्ये?”

बाबांचाही चेहरा सैल झाला. सगळ्यांत जास्त आनंद मला व्हायला हवा होता. पण मी बघत होते ते वेगळंच. प्रश्न विचारून आई थांबली होती. समोरच्याला बोलायला आपण जेवढा वेळ देतो, तेवढाच वेळ. मग तिने मान हलवली, “तेच म्हणते मी,” असं पुटपुटली आणि आत चालू लागली.

मी मुळातच दचकी आहे. कुकरची शिट्टी झाली तरी हातातलं खाली पाडते. त्यामुळे मी स्वतःला सांगितलं, गप बस, आज काही मनात आणू नकोस.

२

आमचं गाव जोहे. गणपतीच्या सीझनला आमच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. बाबा साचे भरायचे, निकेश आणि मी काथ्या पिंजून द्यायचो, शेजारचे गुणाजीकाका अंगाचा रंग मारायचे आणि धोंडुबाई सगळ्यांना चहा आणि शिव्या सारख्याच मापाने वाटायची. ओल्या शाडूचा गार वास अभ्यासाच्या वह्यांनासुद्धा यायचा. कॉलेजात मैत्रीण वही हुंगून विचारायची, काय गं, शेतात बसून लिहितेस का. मला त्याचा राग यायचा नाही. आता तर तो वास कुठे मिळाला तर मी तिथेच थांबून राहीन.

डोळ्यांची आखणी मात्र आईची, गोदूबाईची. गोदूबाईने आखलेला गणपती घरात कुठेही बसा, आपल्याकडेच बघतो, असं लोक म्हणायचे. एक बारीक ब्रश होता तिचा. कामात नसला की अंबाड्यात खोचलेला. त्याच अंबाड्याने ती बाजारात जायची, लग्नांना जायची.

मग तिचा हात कापायला लागला. आधी थोडा, मग कपातला चहा बशीत सांडण्याइतका. तिने आखणी सोडली. पुढे गुणाजीकाका वारले, मागोमाग धोंडुबाईही गेली. बाबांनी कारखाना दुसऱ्याला चालवायला दिला आणि आम्ही पेणला फ्लॅटमध्ये आलो. तिथे आईने हळूहळू ओ देणंच सोडलं.

पूर्वी तिला कुठूनही हाक मारली तरी ती ओ द्यायची. मागच्या दारातून, विहिरीवरून, शेजाऱ्यांच्या ओटीवरून. लांब, शेवटाला किंचित वर चढणारी ओ. आता ती खिडकीत बसलेली असायची. जेवायची, कपडे घडी करायची, पण हाक मारली की नुसती शांतता. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, डोकं उत्तम आहे, त्यांना जरा बाहेर न्या. बाबांनी हाक मारणं बंद केलं. जवळ जाऊन खांद्याला हात लावायचे. मी मात्र काम नसतानाही हाक मारून बघायचे. आई. आई गं. आणि स्वयंपाकघरात उभी राहून वाट बघायचे. तिने एकदा पूर्वीसारखी ओ द्यावी, एवढंच मला हवं होतं.

निकेश रोह्याला कंपनीत आहे. हे रिसॉर्ट त्याला शिफ्टवरून येताना दिसलं होतं, खांब गावाच्या पुढे रोह्याकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्यावर. नाव ‘जुनं गाव’. तो म्हणाला, शनिवारी सगळे जेवायलाच जाऊ, तिला जोह्यात आल्यासारखं वाटेल.

३

आत खरंच गाव होतं. मधे मोठं अंगण आणि भोवती मातीने लिंपलेली घरं. लोहाराचं, कुंभाराचं, मिठागरावरच्या माणसाचं. प्रत्येक घरात एकेक पुतळा आपापलं काम करत असलेला आणि त्याच्याच ओटीवर जेवायच्या पंगती. झाडांना कंदील लटकवलेले, त्यांत पिवळे बल्ब. कुठलीतरी मुंबईची मंडळी लोहाराच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होती. पोरं त्याच्या भात्याला लोंबकळत होती.

एकाही पुतळ्याला डोळे नव्हते.

आमची पंगत वाढायला करिश्मा नावाची मुलगी होती, खांबचीच, हसरी. तिला मी विचारलं तर म्हणाली, “हे असेच आणलेत ओ मॅडम. बनवणारा मधेच काम सोडून गेला म्हणतात. मालक बोलले राहू दे, वेगळं दिसतं. लोकांना आवडतं.”

“आखणी राहिल्येय,” आई म्हणाली.

दारातल्या त्या बोलण्यानंतर ती पहिल्यांदाच बोलली होती. ती लोहाराकडे बघत होती. “हा कोण?”

“लोहार आहे तो, मावशी.”

“लोहार हाय ते दिसतंय गो. नाव काय त्याचं?”

करिश्मा हसली. “पुतळ्याला कुठलं नाव?”

“मग डोळे कोणाचे आखायचे?” आई म्हणाली. शांतपणे, चूक दाखवावी तशी. “कोण हाय ते ठाऊक नसलं तर हात चालत नाय.”

बाबा माझ्या कानाशी आले. “सीझनला हेच सांगायची पोरांना,” ते म्हणाले. “गणपती ठाऊक हाय म्हणून गणपती आखता येतो. माणूस आखायचा तर माणूस ठाऊक पायजे.”

४

त्या जेवणाची आठवण अजूनही चांगलीच आहे. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, आणि अंगणात पोपटी लावलेली. जमिनीवर वालाच्या शेंगांनी भरलेलं उपडं मडकं, भोवती पेंढा आणि काटक्यांचा जाळ. भांबुर्डीच्या पाल्याचा वास सगळीकडे पसरला होता. हवेत थंडी होती.

आईने दुसरी भाकरी मागून घेतली. गुणाजीकाकांनी एकदा उंदराला लंबोदराचाच पिवळा रंग मारून ठेवला आणि गिऱ्हाईक तोच हवा म्हणून अडून बसलं, ती गोष्ट सांगितली. तिची गोष्ट सांगायची पद्धत तीच होती, शेवट येण्याआधीच आपण हसून घ्यायची. बाबा डोळे पुसेपर्यंत हसले. निकेश म्हणाला, “आयशप्पथ, दर शनिवारी आणतो तुला इथं.”

“शनवारीच कशाला,” आई म्हणाली, “राहतेच की.”

सगळे पुन्हा हसले. मीही हसले. तेवढ्यात ती पानावर वाकली आणि मला तिच्या अंबाड्यात खोचलेला ब्रश दिसला.

तो ब्रश पेणच्या घरात कुठे होता, मला माहीत नव्हतं. मी तो आवराआवरीत हरवला असंच धरून चालले होते. मी बाबांना कोपराने ढोसून खुणेने दाखवला.

“असू दे गो,” ते म्हणाले. “सवय असते हाताला. बरं वाटत असेल तिला.”

मलाही ते पटलं. आई हात धुवायला उठली. पोपटीचं मडकं उघडायला लोक अंगणात गोळा झाले, शिट्ट्या वाजल्या, फोन वर गेले. जळक्या मडक्याची काजळी सगळीकडे उडाली. मी आईसाठी पानात शेंगा काढून ठेवल्या. त्या गार झाल्या तरी ती आली नाही.

५

हात धुवायची जागा घरांच्या मागे होती. तिथे कोणी नव्हतं. नळ मात्र टिपटिपत होता. मी परत फिरले ती मिठागरावरच्या माणसाच्या घरावरून. तिथली पंगत उठली होती. बल्बचा उजेड अर्ध्या ओटीपर्यंतच येत होता. पुतळा हातात फावडं घेऊन मिठाच्या ढिगाशी वाकलेला.

त्याने माझ्याकडे बघितलं.

मी दचकून खांबाला धडकले. पुतळा हलला नव्हता. त्याला फक्त डोळे आले होते. काळीभोर बुबुळं, वरची पापणी एका रेघेत ओढलेली, आणि उजवा डोळा अगदी थोडा आत वळलेला. गुणाजीकाकांचा वळायचा तसा. ते रंगावरून नजर उचलून आपल्याकडे बघायचे तेव्हा हटकून तसंच दिसायचं, आपल्यामागे आणखी कोणीतरी उभं आहे आणि ते त्यालाही बघतायत असं.

मी केमिस्ट्री शिकलेली बाई आहे. मी कारणं शोधली. इथल्या कोणीतरी आखले असतील, मघाशी आपलं लक्ष नव्हतं. उजेड तिरपा आहे. आई गुणाजीकाकांबद्दलच बोलत होती, म्हणून ते डोळ्यांसमोर आले. सगळी कारणं चांगली होती. मग मी बोट पुढे करून पापणीच्या रेघेला लावलं. बोटाला काळं लागलं. ओलं. त्याला काजळीचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता.

म्हणजे आईच. एवढंच ना, मी स्वतःला म्हटलं. तिने गर्दीतून मडक्याची काजळी घेतली, केसांतल्या तेलात कालवली आणि जुना हात चालवून बघितला. यात घाबरायचं काय? उलट ही किती चांगली गोष्ट.

पण जो हात चहा सांडत होता, त्याने ही रेघ मारली होती. एकदाही ब्रश न उचलता.

मी ओटीवरून उतरले आणि मागे कोणीतरी खाकरलं. बोलायला सुरुवात करायच्या आधी घसा साफ करतात तसं. मी वळून बघितलं नाही.

६

निकेश म्हणाला, “तू पण ना ताई. आई पेंटिंग करतेय तर करू दे की. मालकाला आपण सांगू, फुकटात काम झालं त्याचं.”

“ती कुठाय ते सांग आधी.”

त्याने तिला फोन लावला. फोन आमच्याच पंगतीत, तिच्या पर्समध्ये वाजला.

बाबा मात्र उठले. मी दाखवलेल्या ओटीवर गेले, वाकून त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तेही घाबरतील, मग आम्ही तिघं मिळून आईला शोधू आणि घरी जाऊ. त्यांनी गुडघ्यावर हात टेकून हळूहळू बसकण मारली.

“गुणाजी,” ते म्हणाले.

“बाबा, चला ना. आईला बघूया.”

“किती दिवसांनी बसलोय याच्याजवळ.” त्यांनी माझ्याकडे न बघता हात हलवला. “तू हो पुढं. मी हाय इथं.”

त्यांच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच होतं. मला त्यांचा हात धरून उठवावंसं वाटलं आणि उठवता येईना. इतक्या सुखात मी त्यांना जोहे सोडल्यापासून बघितलं नव्हतं.

निकेशला मी त्यांच्यापाशी थांबायला सांगितलं. “गेटवर पण बघतो,” तो म्हणाला. आता तो हसत नव्हता.

पुढचं घर कुंभाराचं. चाकावरच्या माणसाला डोळे नव्हते. मला हायसं वाटलं. त्याच्या पुढच्या घरात जात्यावर बसलेली बाई होती. तिला होते. एकच भुवई चढलेली, आता तोंडातून शिवी निघणार आणि मग चहा मिळणार, असे. धोंडुबाई आमच्या घरी शेवटची आली होती तेव्हा मी तिच्या पाया पडले नव्हते, परीक्षेच्या गडबडीत होते. मी नकळत वाकले. मग भानावर येऊन पळत सुटले.

मागे जातं फिरल्याचा आवाज आला की नाही, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. अंगणात गाणी लागली होती.

७

शेवटचं घर अंगणापासून दूर, शेताच्या कडेला होतं. तिथे पंगत मांडतच नसावेत. दारावर पाटी होती, ‘मूर्तिकाराचं घर’. आत समई लावलेली. खरी, तेलाची.

मी दारातच थांबले, कारण आधी तो वास आला. ओली शाडू. इतक्या अचानक आणि इतका जवळून, की मला रडू आलं. भिंतीला लावलेल्या फळ्यांवर छोटे गणपती रांगेत. कोपऱ्यात काथ्याचा ढीग. पोत्यावर बसलेली एक बाई, मांडी घालून, उजवा हात ब्रश धरल्यासारखा उचललेला. पुतळा. आणि तिच्यासमोर, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून, माझ्याकडे पाठ करून आई बसली होती.

“आणि तू कोण गो?” आई तिला विचारत होती.

मग ती थांबली. समोरच्याला बोलायला वेळ देत. मग मान हलवली. अंबाड्यातून ब्रश काढला.

मला तेव्हाच हाक मारायला हवी होती. पण आमच्या घरात आखणीच्या वेळी हाक मारत नाहीत. जोह्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आई एक डोळा आखायला घ्यायची की दुसरा पुरा होईपर्यंत उठायची नाही, बोलायची नाही, कोणी मेलं तरी ओ द्यायची नाही. एक डोळा उघडा ठेवून मधेच उठायचं नसतं. लहानपणी मी दारात अशीच उभी राहायचे, भूक लागलेली, दप्तर खांद्यावर, आणि तिचा दुसरा डोळा होईपर्यंत श्वास धरून थांबायचे. तो संपला की ती मान वर न करताच म्हणायची, काय हवं गो सपे. जगात त्या दाराहून चांगली जागा नव्हती. मी परत तिथेच उभी होते. पायांना तेच वळण होतं. तोंड उघडेना.

तिचा हात कापत नव्हता. पापणीची रेघ एका दमात ओढली गेली. बुबुळ. बुबुळातला पांढरा ठिपका. पुतळ्याचा एक डोळा उघडला आणि त्याच वेळी आईचा डावा खांदा थोडा खाली आला, झोप लागल्यावर येतो तसा.

मग दुसरा. मी थोडी बाजूला सरकले, तिचा चेहरा दिसावा म्हणून. समईच्या उजेडात तिच्या गालाची कड दिसली, कानाची पाळी दिसली. डोळा असतो तिथे मला पांढरं दिसलं. उजेड पडला असेल. मी तेवढंच बघितलं आणि नजर काढून घेतली.

पुतळ्याचे डोळे मात्र मी ओळखले. त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. शाळेतून आल्यावर, ताप आल्यावर, निकाल हातात धरून उभी असताना, मी त्यांच्याकडेच बघितलं होतं.

ब्रश खाली पडला आणि पोत्यावरून घरंगळत माझ्या पायापाशी आला.

८

“आई,” मी म्हणाले.

आवाज फुटलाच नाही. मागे अंगणातलं गाणं बंद झालं होतं. लोकही बोलायचे थांबले असावेत. लांबून निकेशच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला, एकदा, मग पुन्हा. आता सगळं झालं, मी स्वतःला सांगत होते. दुसरा डोळा झाला. आता ती उठेल. आपण तिचा हात धरू, बाबांना उठवू, गाडीत बसू. नागोठणं, गडब, पेण. रस्त्यात ती झोपेल. घरी गेल्यावर ती खिडकीत बसली तरी चालेल. आयुष्यभर ओ दिली नाही तरी चालेल. मी जवळ जाऊन खांद्याला हात लावीन.

मला एवढंच करायचं होतं. दोन पावलं पुढे जाऊन तिच्या खांद्याला हात लावायचा होता. ते मला जमलं नाही. मी पुन्हा हाक मारली, मोठ्याने, मागच्या दारातून विहिरीपर्यंत जाईल अशी.

“आई गं.”

“ओ,” ती म्हणाली. लांब, शेवटाला किंचित वर चढलेली, माझ्या शाळेच्या दिवसांतली ओ. “आले गो सपे. चल, घरी जाऊ.”

पोत्यावरची बाई हातावर जोर देत उठू लागली. माझ्याकडे पाठ करून बसलेली आई जागची हलली नाही.